शब्दचर्चा: 'प्रिवाटडोत्सेंट'ला मराठीत काय म्हणावे?

वेलांटी

जर्मनीतल्या एका विद्यापीठ-रुग्णालयातील डॉक्टरांचा परिचय मराठीत छापायचा आहे. मूळ मजकुरात नावाआधी 'पी.डी. डॉ. मेड.' (म्हणजे प्रिवाटडोत्सेंट, वैद्यकातली डॉक्टरेट) आहे आणि खाली 'हाबिलिटात्सिओन २०१६, अंतर्गत वैद्यक' अशी ओळ. हाबिलिटात्सिओन ही डॉक्टरेटनंतरची, विद्यापीठात शिकवण्यासाठीची वरची कसोटी. यंत्राने केलेल्या भाषांतरात याचे 'खाजगी व्याख्याते' आणि 'पुनर्वसन २०१६' झाले आहे. पुनर्वसन तर काढूनच टाकले, पण 'खाजगी व्याख्याते' वाचूनही शिकवणीवर्गाची पाटी डोळ्यांपुढे येते. नेमका शब्द कोणता? 'अधिव्याख्याता' चालेल का?

पाटीपेन्सिल

यंत्र अगदीच वेडे नाही. लॅटिन 'हाबिलिस' म्हणजे जमेलसा, लायक. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'हाबिलितारे', लायक करणे. त्याला 'री' लागला की पुन्हा लायक करणे, म्हणजे रिहॅबिलिटेशन. आपण त्याला पुनर्वसन म्हणून मोकळे झालो; वसण्याचा त्यात काही संबंध नाही. धरणग्रस्तांना तो शब्द शोभतो, गुडघा बदललेल्या रुग्णाला नाही. पण ते असो.

जर्मनमध्ये याचे क्रियापद 'झिश हाबिलिटीरेन' असे आत्मवाचक आहे. माणूस 'स्वतःला' लायक ठरवतो. म्हणून मराठीतही 'हाबिलिटात्सिओन मिळाले' यापेक्षा 'केले' बरे. जर्मन बोलण्यात त्याचे नुसते 'हाबिल' होते. आपल्यालाही गप्पांत तेवढे पुरे.

'अधिव्याख्याता' मात्र नको. तो शब्द आपल्याकडे पदासाठी वापरून झाला आहे. लेक्चरर म्हणजे अधिव्याख्याता, रीडर म्हणजे प्रपाठक. सहाव्या वेतन आयोगानंतर त्यांचे सहायक आणि सहयोगी प्राध्यापक झाले. प्रिवाटडोत्सेंट हे पदच नाही. त्याला वेतनश्रेणी नाही, रिक्त जागा नाही, जाहिरात नाही. 'प्रिवाट' म्हणजे सरकारी तिजोरीतून पगार न घेणारा. एकोणिसाव्या शतकात व्याख्यानाला बसणारे विद्यार्थी जे शुल्क भरत त्यावर त्याची गुजराण चाले. 'पी.डी.'चा जर्मन उच्चार 'पे-डे' होतो. इंग्रजी कानाला हा पगाराचा दिवस वाटेल, आणि नेमका पगारच त्यात नाही.

नाडीपरीक्षा

शब्द पाडण्याआधी तिथे काय काय घडते ते पाहा, म्हणजे एका शब्दात ते का मावत नाही हे कळेल.

जर्मनीत वैद्यकाचे बरेच विद्यार्थी शिकता शिकताच 'डॉ. मेड.'चा प्रबंध लिहितात. त्यामुळे स्वतंत्रपणे संशोधन करता येते का, याची खरी कसोटी त्यानंतर लागते, ती हाबिलिटात्सिओनमध्ये. प्रत्येक विद्याशाखेची आपली नियमावली असते. साधारण मागणी अशी: डॉक्टरेट, रुग्णसेवेच्या विषयात बहुतेक ठिकाणी विशेषज्ञ म्हणून मान्यता, बऱ्याच ठिकाणी ८ ते १२ मूळ शोधनिबंध, त्यांतल्या बहुतेकांवर पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून नाव, काही सत्रे प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा, आणि वैद्यकीय अध्यापनशास्त्राचा अभ्यासक्रम. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये या अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा १२० तासिकांचा असतो. बायर्नमध्ये (बव्हेरियात) उमेदवाराला तीन मार्गदर्शकांचे मंडळ मिळते आणि मध्येच एकदा प्रगतीची तपासणी होते.

मग ग्रंथ. पूर्वी तो स्वतंत्र लिहीत. हल्ली वैद्यकात निबंध एकत्र बांधून पुढे सलग विवेचन जोडण्याची पद्धत रुळली आहे. तज्ज्ञांचे अभिप्राय मागवतात, त्यांत बाहेरच्या विद्यापीठांतलेही असतात. त्यानंतर विद्याशाखेसमोर व्याख्यान, प्रश्नोत्तरे, मतदान. ग्रंथ दाखल केल्यापासून निकालाला सहा महिने ते वर्ष सहज जाते.

अडते कुठे? निबंधांची संख्या भरते, पण त्यांना सूत्र नसते: दोन हृदयझडपांवरचे, एक मधुमेहावरचा, एक कोणाला तरी आकडेमोडीत मदत केली म्हणून. असे गाठोडे परत येते. स्वतःच्या डॉक्टरेटमध्ये वापरलेला निबंध पुन्हा धरत नाहीत. पहिल्या लेखकाचा मान दोघांत वाटलेला असेल तर काही विद्याशाखा तो अर्धाच मोजतात. आणि सगळ्यात हास्यास्पद म्हणजे शिकवल्याचा दाखला. रुग्णशय्येपाशी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवलेले असते, पण सत्राच्या अधिकृत वेळापत्रकात नाव विभागप्रमुखांचे. कागदावर तासिका शून्य. हे ऐन अर्जाच्या वेळी उमगते, आणि मागच्या तारखेचा दाखला कोणी देत नाही.

आता मुद्दा. हे सगळे पार पडल्यावर जे मिळते ते 'लेअरबेफेइगुंग', म्हणजे शिकवण्याची क्षमता सिद्ध झाली. शिकवण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट, 'लेअरबेफुगनिस', लॅटिनमध्ये 'वेनिया लेगेंडी'. 'प्रिवाटडोत्सेंट' ही उपाधी या दुसऱ्या गोष्टीला चिकटलेली आहे. क्षमता गमावत नाही; परवानगी जाऊ शकते. ती टिकवायला सत्रागणिक थोडे तरी शिकवावे लागते, बहुतेक वेळा बिनपगारी. दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर परवानगी तिथे नव्याने घ्यायची.

काथ्याकूट

मग दोन शब्द करू. पहिल्याला 'अध्यापनार्हता', दुसऱ्याला 'अध्यापन-अनुज्ञा'. अर्ह धातू 'हाबिलिस'च्या जवळ जातो, आणि अनुज्ञा ही देणाऱ्याची मर्जी दाखवते. 'वेनिया'चा अर्थही मेहेरबानी, मुभा असाच आहे.

पाटीपेन्सिल

'अनुज्ञा'ला अनुमोदन. 'अध्यापनार्हता'बद्दल शंका आहे. भरतीच्या जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' म्हणजे किमान पात्रता, दारातून आत येण्यापुरती. हाबिलिटात्सिओन हे दाराचे नाही, माडीचे प्रकरण आहे. 'अध्यापनार्हता' वाचून कोणालाही बी.एड. आठवेल. 'पात्रता' म्हणावे तर ती सेट-नेटने अडवलेली.

'लेगेंडी'कडे मात्र लक्ष द्या. तो 'वाचण्याची' मुभा. जर्मनमध्ये व्याख्यानाला आजही 'फोरलेसुंग', समोर वाचणे, म्हणतात. ग्रंथ महाग होते तेव्हा गुरू वाचून दाखवी आणि शिष्य उतरवून घेत. आपल्या 'प्रपाठक' शब्दात तोच 'पठ्' आहे. शब्द म्हणून तो इथे चपखल बसला असता, पण त्याच्यावर जुन्या वेतनश्रेणीचा शिक्का आहे.

काथ्याकूट

'उत्तर-विद्यावाचस्पती'? पीएच.डी.ला विद्यावाचस्पती म्हणतातच.

नाडीपरीक्षा

नको. ते पोस्ट-डॉक वाटेल, आणि पोस्ट-डॉक म्हणजे मुदतीची नोकरी. शिवाय हाबिलिटात्सिओन ही सगळीकडे पदवीही नाही. जर्मनीच्या काही राज्यांत 'डॉ. मेड. हाबिल.' असे लिहिता येते, सगळ्यांत नाही.

अनुज्ञेला विषयाची हद्द असते, हेही अनुवादात सांभाळा. परिचयपत्रात 'अंतर्गत वैद्यक' उगाच लिहिलेले नाही. तो अनुज्ञेचा विषय आहे. हद्द किती बोचू शकते याचे जुने उदाहरण सेमेलवाइस या डॉक्टरांचे. हात धुण्याच्या आग्रहासाठी आज त्यांचे नाव घेतात. ऑक्टोबर १८५० मध्ये व्हिएन्नाने त्यांना प्रसूतिशास्त्राची डोत्सेंटी दिली, पण शिकवायचे ते फक्त पुतळ्यावर, शवावर नाही, अशी अट घालून. प्रसूतिगृहातले मृत्यू शवविच्छेदनाच्या खोलीतून येणाऱ्या हातांमुळे होतात हे ज्याने दाखवले, त्यालाच शव वर्ज्य. काही दिवसांतच ते व्हिएन्ना सोडून पेस्टला (आजच्या बुडापेस्टला) निघून गेले. अर्हता होती, अनुज्ञाही होती. अनुज्ञेची चौकट पटली नाही. 'खाजगी व्याख्याता' या शब्दांत यातले काय उतरते?

तळटीप

'डोत्सेंट' नुसता आला तर जपून. हा एकच शब्द देश बदलला की हुद्दा बदलतो. स्वीडन-फिनलंडमध्ये डोसेंट म्हणजे डॉक्टरेटनंतरची वरची पात्रता, जर्मन कल्पनेच्या जवळची. नेदरलँड्समध्ये डोसेंट म्हणजे सरळ शिक्षक. अमेरिकेत संग्रहालयात पाहुण्यांना हिंडवून माहिती सांगणारा. फ्रान्समध्ये 'हाबिलितासिओं' आहे, पण पूर्ण नाव 'संशोधनाचे मार्गदर्शन करण्याची हाबिलितासिओं'. तिथे भर शिकवण्यावर नसून पीएच.डी.चे विद्यार्थी घेण्यावर आहे. त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: मार्गदर्शक मान्यता.

आणि खरे तर तीच जोडी जर्मन प्रकरणही समजावते. आपल्या विद्यापीठांतही सहयोगी प्राध्यापक हे पद वेगळे आणि पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणून मान्यता वेगळी. पद महाविद्यालय देते, मान्यता विद्यापीठ. मग जर्मन अनुज्ञेला 'मान्यता' का नको? 'स्वतंत्र अध्यापनाची मान्यता' म्हटले तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कोणत्याही शिक्षकाला न सांगता कळेल.

काथ्याकूट

कळेल. माझी 'अनुज्ञा' मागे घेतो. जरा सोवळी होतीच.

वेलांटी

स्त्रीलिंगाचे काय? मालिकेत पुढचा परिचय एका बाईंचा आहे. मुळात 'प्रिवाटडोत्सेंटिन'.

तळटीप

उपाधी जर्मनच ठेवली तर 'डोत्सेंटिन' जशीच्या तशी घ्या, मराठी प्रत्यय नको. ('व्याख्याती' बरोबर आहे, पण आता फारसे कोणी लिहीत नाही.) जर्मनीत हाबिलिटात्सिओन करणारी पहिली स्त्री वैद्यकातलीच: आडेले हार्टमान, शरीररचनाशास्त्र, म्युनिक, १९१८.

नाडीपरीक्षा

मालिका आहे म्हणता, तर पुढचा खड्डा आत्ताच दाखवतो. पी.डी. म्हणून काही वर्षे शिकवल्यावर अनेकांना 'आउसरप्लानमेसिगर प्रोफेसर' ही उपाधी मिळते, छापताना 'ए.पी.एल. प्रोफ.' शब्दशः 'आराखड्याबाहेरचा', म्हणजे मंजूर पदांच्या यादीत नसलेला. याचे 'अतिरिक्त प्राध्यापक' करण्याचा मोह होईल. करू नका. एम्समध्ये 'ॲडिशनल प्रोफेसर' हे पगारी, मंजूर पद आहे, सहयोगीच्या वर आणि प्राध्यापकाच्या खाली. जर्मन उपाधीसाठी 'मानद प्राध्यापक'ही नको, कारण 'होनोरारप्रोफेसर' तिथे निराळा असतो. 'प्राध्यापक (उपाधी)' एवढे कोरडे लिहिलेले बरे.

वेलांटी

छान. मग ओळ अशी लिहिते: 'प्रिवाटडोत्सेंट डॉ. अमुक हे २०१६ पासून अंतर्गत वैद्यक या विषयाचे विद्यापीठमान्य स्वतंत्र अध्यापक आहेत.'

नाडीपरीक्षा

'पासून' काढा. २०१६ हे हाबिलिटात्सिओनचे वर्ष आहे. मान्यता त्याच वर्षी मिळाली की पुढच्या, ते मूळ मजकुरात नाही. शिवाय मधे विद्यापीठ बदलले असेल तर आताची मान्यता त्याहून नवी असणार. आणि 'अध्यापक आहेत' म्हटले की पुन्हा पद आले.

वेलांटी

'प्रिवाटडोत्सेंट डॉ. अमुक यांनी २०१६ मध्ये अंतर्गत वैद्यक या विषयात हाबिलिटात्सिओन केले असून त्यांना विद्यापीठात स्वतंत्र अध्यापनाची मान्यता आहे.'

पाटीपेन्सिल

पाठवा छापायला. फक्त 'डोत्सेंट'मधला त् पाय मोडलेलाच राहील हे मुद्रिताच्या वेळी पाहा. 'डोतसेंट' झाले की मांडलेले सगळे गेले.