हिमोग्लोबिन चांगले असलेल्या गरोदर स्त्रीलाही लोहाची गोळी द्यावी का?

ओसरी:
'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात हिमोग्लोबिन साडेबारा असले, तरी गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी द्यावी, असे धोरण आहे. शरीराला जादा लोह सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. ते साठत गेले की स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर ताण येतो. रक्तातील फेरिटिन (लोहसाठा दाखवणारे प्रथिन) जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात. म्हणून फेरिटिन तपासल्याशिवाय सरसकट गोळी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणवठा:
ओसरीताई, असहमत. फेरिटिन केवळ लोहसाठ्यामुळे वाढत नाही, तर स्थूलपणा आणि शरीरातील दाह यांमुळेही वाढते, आणि मधुमेहाचा धोकाही त्याच स्त्रियांना अधिक असतो. मग दोष लोहाच्या माथी का मारायचा? हाँगकाँगमधील २००९च्या चाचणीत हिमोग्लोबिन ८ ते १४ असलेल्या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला रोज ६० मिलिग्रॅम लोह दिले, तरी २८व्या आठवड्यात दोन्ही गटांतील मधुमेहाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. 'गोळीने साखर वाढते' हे एकदा गावात पसरले, की आधीच मळमळ आणि काळ्या शौचामुळे कंटाळलेली बाई ती पाकिटे फडताळात टाकून मोकळी होईल, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिच्या अंगात तग धरण्याइतके रक्त नसेल.

ओसरी:
हाँगकाँगचा आहार आणि आपला आहार एक नाही. शिवाय मी गोळी बंद करा म्हटलेले नाही, तपासून द्या म्हटले आहे.

जातेओवी:
दोघांच्या वादात एक गट सुटतो आहे. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा सौम्य आनुवंशिक दोष) असलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दहाच्या आसपास घुटमळते, पण तिचा लोहसाठा पुरेसा असू शकतो. तिला रक्तक्षयी समजून गोळी दुप्पट केली, तरी आकडा हलत नाही आणि लोह मात्र साठत राहते. ओसरीताईंची भीती खरी ठरली तर इथे ठरेल. आणखी एक गोष्ट अशी, की लोह कमी असताना एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) प्रत्यक्षातल्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकते, तेव्हा गरोदरपणात त्यावर विसंबण्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजावी. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आली तर मधुमेह धरतात.

पाणवठा:
हे पटते. पण त्यासाठी प्रत्येकीचे फेरिटिन कशाला? सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या, कागदावर हिमोग्लोबिनखाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, छापलेले असते. ते फार कमी असून तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर दिसली, तर इलेक्ट्रोफोरेसिस (थॅलेसेमिया ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी) करावे, आणि पुढे फेरिटिन तेवढ्याच बायकांचे तपासावे. बाकीच्यांनी गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी.