दारचा आवळा: लावण्यापासून तोड्यापर्यंत, नागपूरकरांचे अनुभव

नागपुरात पुष्कळ प्लॉटवर आवळा आहे आणि पुष्कळ प्लॉटवर रडगाणंही एकच: झाड गच्चीला टेकलं, पण आवळे नाहीत. ज्यांच्या झाडाला नेमानं फळ धरतं, त्यांनी लिहावं. जात कोणती, जमीन कशी, पाणी कधी दिलं आणि कधी तोडलं, काय बिघडलं आणि का. आठवणींसाठी दुसरा धागा काढू. इथे मापं हवीत.

धरमपेठ
बियांपासून आलेल्या देशी झाडाला फळायला सात-आठ वर्षं सहज लागतात, आणि आवळा केवढा निघेल याचा भरवसा नाही. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं. कलमाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड) देशीच असतो. जोडाच्या गाठीखालून फुटवा आला की तो वरच्या कलमापेक्षा जोमानं वाढतो. दिसला की बुडापासून काढा. नाही काढला तर कलम दबून मरतं, आणि "कलमाचं झाड आहे, तरी फळ बारीक का?" असा प्रश्न काही वर्षांनी पडतो.

दुसरं म्हणजे एकच कलम लावू नका. आवळ्याला एकाच जातीचा पराग नीट लागत नाही. कृष्णा आणि कांचन ही जोडी चांगली. खरंच एकाच झाडापुरती जागा असेल तर एनए-७ घ्या; त्यात मादी फुलं जास्त येतात. (एनए म्हणजे नरेंद्र आवळा, फैजाबादच्या, म्हणजे आताच्या अयोध्येच्या, कृषी विद्यापीठाच्या जाती.) बनारसीचं फळ मोठं दिसतं म्हणून लोक भुलतात, पण ते झाड मुळातच कमी धरतं आणि गळही फार.

मानेवाडा
आमच्याकडची काळी चिकण जमीन, म्हणून खड्ड्याबद्दल. मे महिन्यात ३ बाय ३ बाय ३ फूट खणून उन्हात तापू द्या. भरताना निम्मी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि मुरूम, वर १ किलो निंबोळी पेंड. खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा; पावसात तो खाली बसतोच. सपाट भरला तर आळ्याचं डबकं होतं आणि ऑगस्टमध्ये रोप मान टाकतं. लावणी मृगाचा एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर. दोन झाडांत २० ते २५ फूट अंतर, भिंतीपासून १० फूट तरी.

हिंगणा रोड
मुरमाड जमिनीत उलट. डबकं होत नाही, पण पाणी टिकत नाही. पहिली दोन वर्षं एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा १०-१५ लिटर आणि आळ्यात चार बोटं पालापाचोळा. पश्चिमेकडून हिरवी जाळी लावा, नाहीतर ४५ अंशांत कोवळं खोड त्या बाजूनं भाजतं.

खामला
"फूल आलं, फळ नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांची चूक पाण्यात किंवा घाईत असते. आवळ्याची पानं दिसतात ती बारीक डहाळीवर असतात, आणि हिवाळा संपता संपता ती डहाळी पानांसकट गळते. झाड उघडं पडतं. घरचे घाबरतात आणि पाइप सोडतात. तिथेच बिघडतं. फेब्रुवारीपासून फुलोरा आटपेपर्यंत मोठ्या झाडाला पाणी बंद ठेवायचं. त्या वेळी भरपूर पाणी मिळालं तर पालवी जोर करते आणि फूल गळतं.

फलधारणा झाल्यावरही डोळ्यांना काही दिसत नाही. धरलेलं फळ अख्खा उन्हाळा मोहरीएवढं, निजल्यासारखं राहतं आणि पाऊस लागल्यावर वाढायला लागतं. मे महिन्यात "यंदा काही नाही" म्हणून फांद्या छाटणारे लोक डिसेंबरचे आवळेच छाटतात, भाऊ.

खत वयाच्या हिशेबानं. दर वर्षाला १० किलो शेणखत, सव्वादोनशे ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, १२५ ग्रॅम पोटॅश. चार वर्षांच्या झाडाला याच्या चौपट. दहा वर्षांपुढे वाढवायचं नाही. युरिया अर्धा जूनअखेर, अर्धा ऑगस्टमध्ये. खोडाला चिकटवून टाकू नका, फांद्यांच्या सावलीच्या कडेनं गोल द्या.

नंदनवन
गच्चीवर २०० लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग चालतो, फळ मात्र थोडंच. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी ड्रममध्ये ओतू नका. पाणी उडून क्षार मागे राहतात, आणि ड्रममध्ये ते साचून पानांच्या कडा करपतात. जमिनीतला आवळा खारटपणा बराच सोसतो, ड्रममधला नाही. गच्चीसाठी खरं तर रायआवळा बरा: झाड लहान, फळ घोसांनी.

प्रतापनगर
रोग-किडींचं लिहितो. आवळा कापल्यावर आत तपकिरी-काळा निघत असेल तर ती बोरॉनची कमतरता. फ्रान्सिस जातीत सर्वांत जास्त, बनारसीतही. बोरॅक्स ६ ग्रॅम एक लिटर पाण्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या. फळ काळं पडल्यावर फवारून उपयोग नाही.

शेंड्यावर गाठ फुगलेली दिसली तर आत अळी आहे. गाठीखालून कापून जाळा. खोडावर भुशाची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी खरवडा, भोकात सायकलची तार घाला, रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपा.

वाडी
तोडणीचं. एनए-७ च्या फांद्या ठिसूळ. दसऱ्यालाच बांबूचे टेकू द्या, नाहीतर लदलेली फांदी सालीसकट सोलून खाली येते.

आवळी भोजनासाठी कार्तिकात चार आवळे काढा, पण मुख्य तोडा घाईनं नको. गडद हिरवा रंग जाऊन फळ फिकट पिवळसर, किंचित पारदर्शक दिसायला हवं. खात्रीसाठी एक कापा: बी पांढरं असेल तर थांबा, तपकिरी झालं असेल तर काढा. झाड हलवायचं नाही. आपटलेला आवळा दुसऱ्या दिवशी काळा पडतो आणि टोपलीतले शेजारीही नासवतो. हातानं खुडा, उंचावरचे झेल्यानं (टोकाला जाळी असलेल्या काठीनं). पडलेले वेगळे ठेवून त्याच दिवशी किसून टाका.

जरीपटका
वरच्यात एवढीच भर: लोखंडी विळीनं चिरू नका, तुरटपणा लोखंडाला लागून फोडी काळ्या होतात. चांगला आवळा बाहेर आठवडाभर टिकतो. जास्त असतील तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १५० ग्रॅम मीठ, काचेची बरणी, आवळे पूर्ण बुडालेले. दोन महिने निघतात. वर तरंगणाऱ्यांवर बशी दाबून ठेवा, बुरशी तिथूनच धरते.