घरासाठी भरवशाचा वायफाय राउटर कोणता घ्यावा?

शंकासुर
नमस्कार मंडळी. घरचा राउटर बदलायचा विचार आहे. सध्याचा, जोडणीबरोबर कंपनीने दिलेला, दिवसातून एकदा तरी मान टाकतो. बंद करून चालू केला की पुन्हा सुरळीत. घर दुमजली. राउटर खाली दारापाशी आणि माझं काम वर, मागच्या खोलीत. जोडणी ३०० एमबीपीएसची आहे. दोघांच्या व्हिडिओ मीटिंगा, मुलांचे ऑनलाइन खेळ, टीव्ही, दोन कॅमेरे एवढा भार. जाहिरातींतले आठ-आठ शिंगांचे राउटर बघून छाती दडपली. वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण एकदा लावला की काही वर्षं त्याच्याकडे बघावं लागू नये. काय घेऊ?

भुंगा
वायफाय ७, म्हणजे वायफायची सातवी पिढी, घ्या डोळे झाकून. पुढची चिंता मिटली.

तारतम्य
डोळे झाकून तर अजिबात नको. आधी दोष नक्की कुणाचा ते बघा. पुढच्या वेळी नेट गेलं की लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर चालतंय आणि वायफायवर नाही, तर गडबड रेडिओची किंवा जागेची. केबलवरही नेट नाही, पण राउटरचं सेटिंगचं पान उघडतंय, तर बहुधा लाइन नाहीतर कंपनीकडची अडचण. नवा राउटर आणून काही फरक पडायचा नाही. ते पानसुद्धा उघडत नसेल, तर राउटर गोठलाय. मग तो बंद कपाटात, टीव्हीच्या मागे वगैरे तापतोय का बघा. अडॅप्टरवरही संशय घ्या. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की भार वाढल्यावर व्होल्टेज खाली येतं आणि राउटर अडखळतो. अडॅप्टर बदलाल तेव्हा व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं अधिक-उणे जुन्यासारखंच.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ‘एएक्स३०००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ एमबीपीएस यांची गोळाबेरीज. वायफाय ६ पर्यंत तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर (२.४ किंवा ५) असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय ते २४०२ मिळायला चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ लागते. फोन ८० वालाच असेल, तर आकडा १२०१. त्यातलाही बराचसा भाग हवेतल्या देवाणघेवाणीत खर्च होतो.

खरं बघायचं ते मागच्या पोर्टवर. ‘एसी१२००’ म्हणून विकले जाणारे काही स्वस्त राउटर अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट घेऊन येतात. तुमच्या ३०० च्या जोडणीला तसला लावलात, तर नव्वदीत अडकाल आणि दोष वायफायला द्याल. गिगाबिट लिहिलेलं नसेल तर खोका खाली ठेवा.

शंकासुर
हे चांगलं सांगितलंत. एक शंका: माझ्याकडे फायबर सरळ राउटरमध्येच येतो, वेगळा डबा नाही. मग नवा लावायचा कुठे?

तारतम्य
म्हणजे ओएनटी (फायबरचा संकेत उलगडणारा भाग) आणि राउटर एकाच पेटीत. ती काढता येणार नाही. कंपनीला फोन करून ‘ब्रिज मोड’ मागा. मग ती पेटी फक्त फायबरचं काम करेल आणि बाकी सगळं नव्याकडे. त्यांनी नकार दिला, तर पेटीचं वायफाय बंद करून नवा ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये, म्हणजे नुसतं वायफाय देणारा म्हणून, लावा. दोन्ही राउटर म्हणून चालू ठेवलेत तर दुहेरी नॅट होतं, म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते दोनदा बदलले जातात, आणि मुलांच्या खेळांची कुरकूर ऐकायला तयार राहा. मात्र ॲक्सेस पॉइंट केलात तर राउटरचं खरं काम जुनीच पेटी करत राहील; तीच गोठत असेल तर रोग तसाच. म्हणून ब्रिजसाठी हट्ट धरा.

कुलूपकिल्ली
भरवसा म्हणजे नुसतं न अडकणं नव्हे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने किमान पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणं पोखरली होती, आणि त्यातले बरेचसे घरातले आणि छोट्या कार्यालयांतले साधे राउटर होते. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच: अपडेट किती वर्षं देणार? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला ही मुदत जाहीर करणं कायद्याने भाग आहे, त्यामुळे बऱ्याच मॉडेलांची तारीख शोधली तर सापडते. मुदत संपत आलेलं मॉडेल सवलतीत मिळालं तरी घेऊ नका.

आणल्यावर आपोआप अपडेट चालू करा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून कोट्यवधी नव्हे, जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत तो फुटू शकतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे. बाहेरून सेटिंग बदलायची सोयही बंद.

भुंगा
म्हणजे सगळं बंदच करायचं तर :)

वरचामजला
राउटर दारापाशी आणि काम मागच्या खोलीत, हीच मुळात गोम आहे. कितीही भारी घेतलात तरी दोन भिंती आणि एक स्लॅब ५ गिगाहर्ट्झला जड जाणार. शक्य असेल तर दारापासून जिन्यापर्यंत केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर आणा. तेवढ्याने भागलं नाही, तर वर एक मेश नोड, म्हणजे राउटरचंच वायफाय पुढे नेणारा जोडीचा डबा, आणि तोही केबलनेच जोडलेला. बिनतारी मेशमध्ये नोड त्याच हवेतून मागे राउटरशीही बोलतो आणि पुढे तुमच्याशीही, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. मागच्या बोलण्याला वेगळा बँड ठेवणाऱ्या तीन बँडवाल्यांत त्रास कमी. अँटेना सगळ्या उभ्या ठेवल्या तर लहरी मुख्यतः आडव्या पसरतात. मजला वर गाठायचा तर एखादी आडवी करून बघायला हरकत नाही.

आणि १६० मेगाहर्ट्झच्या मोहात पडू नका. एवढी रुंदी घेतली की राउटर रडारसाठी राखलेल्या चॅनेलवर पाय टाकतो. रडार दिसलं, किंवा दिसल्याचा नुसता भास झाला, तरी त्याला चॅनेल सोडावा लागतो. ऐन मीटिंगमध्ये सगळे गायब. ३६ ते ४८ मधला चॅनेल, ८० ची रुंदी, आणि २.४ वर १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो. झालं.

शंकासुर
सगळं पटलं. पण कुणीतरी नाव घ्या ना!

कुलूपकिल्ली
सेटिंगमध्ये रस नसेल तर टीपी-लिंक आर्चर एएक्स५५ किंवा आसुस आरटी-एएक्स५८यू. दोन्ही वायफाय ६, पोर्ट गिगाबिट. तुमच्या भाराला रगड. घेण्याआधी तेवढी अपडेटची तारीख बघा.

तारतम्य
मी जीएल-आयनेटच्या फ्लिंट २ ला मत देईन. आत ओपनडब्ल्यूआरटीच आहे, म्हणजे राउटरसाठीची खुली, फुकट प्रणाली. कंपनीने अपडेट थांबवले तरी मूळ ओपनडब्ल्यूआरटी चढवता येतं, त्यामुळे राउटर लवकर भंगारात जात नाही. कुणी मोठी फाइल वर चढवत असताना मीटिंगमध्ये आवाज तुटतो ना, त्यावर त्यात एसक्यूएम नावाचा उपाय आहे. जोडणीच्या साधारण ९० टक्के वेग त्यात भरायचा, म्हणजे तुमचा २७० च्या आसपास, की रांग राउटर स्वतः सांभाळतो. वेगचाचणीत आकडा थोडा कमी दिसेल, पण मीटिंग तुटणार नाही. दुसरं कुठलं मॉडेल याच कारणासाठी घेणार असाल तर तळाच्या लेबलवरचं हार्डवेअर व्हर्जन तपासा. एकाच नावाखाली आतली चिप बदललेली असते.

भुंगा
आणि वायफाय ७?

वरचामजला
घरात एकही वायफाय ७ चं उपकरण नसताना कशाला? त्या पैशात केबल ओढून होईल.

शंकासुर
ठरलं तर. आधी केबलची परीक्षा, मग ब्रिज मोडसाठी फोन, आणि राउटर जिन्यापाशी. शेवटचं विचारतो: कॅमेरे छताला आहेत, ते सगळे नव्याने जोडावे लागतील का?

कुलूपकिल्ली
नाही. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, बहुतेक कॅमेरे आपणहून येतील. फक्त सुरक्षेच्या सेटिंगमध्ये नुसतं डब्ल्यूपीए३ (नवी पद्धत) निवडू नका, डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय ठेवा. आणि २.४ चालू असू द्या, बरेच कॅमेरे तेवढंच ओळखतात. पासवर्ड कुणाकुणाला वाटून झालेला असेल तर मात्र तो बदला आणि शिडी काढा.