मदत हवी आहे: रोज घालावंसं वाटेल असं, चार्जिंगचं कानाचं मशीन कोणतं घ्यावं?

कानोसा

नमस्कार मंडळी,

वय ५१, राहणार डोंबिवली, नोकरी पतपेढीत, कर्जाच्या टेबलावर. मागच्या महिन्यात समोरच्या काकांनी "सात हजार" म्हटलं आणि मी अर्जावर साठ हजार लिहिले. ते हसले, मीही हसले, अर्ज फाडून नवीन भरला. पण त्या आठवड्यातली ती तिसरी खेप होती. घरी टीव्हीच्या आवाजावरून खडाजंगी रोजचीच. नवऱ्याचं म्हणणं, मला ऐकू येतं पण मी ऐकून घेत नाही. शेवटी जाऊन तपासणी करून आले. निदान तो वाद तरी मी जिंकले.

रिपोर्टमधले आकडे (डेसिबल जितके जास्त, तितकं ऐकू कमी): ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६० आणि ८००० ला ६५. दोन्ही कान जवळजवळ सारखे. डॉक्टर म्हणाले नस कमजोर झाली आहे, याला औषध नाही, ऑपरेशन नाही, मशीन लावा.

आता खरी अडचण. आमच्या सासूबाईंचं मशीन अजून कपाटाच्या खणात, कुड्यांच्या डबीशेजारी पडलंय. पिवळट रंगाचं, कानामागे काजूएवढं. त्यांनी ते मोजून पाच-सहा वेळा घातलं असेल. विचारलं की "सेल संपलाय गं" म्हणायच्या. सेल बदलणं त्यांच्या बोटांना जमत नव्हतं हे खरंच, पण एका हळदीकुंकवाला कोणीतरी "अगंबाई, आता कानही का?" असं सगळ्यांदेखत विचारलं होतं, तेव्हापासून ते खणात गेलं ते गेलंच.

माझं खणात जायला नको आहे. म्हणून स्पष्टच लिहिते, मला छान दिसणारं हवं आहे. "या वयात कसली स्टाइल" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. चष्म्याची फ्रेम निवडताना मी दुकानात दीड तास घालवला होता, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

माझे केस अगदी आखूड आहेत, त्यामुळे कान उघडेच असतात. चष्मा आहे. ऑफिसला स्कूटीने जाते, म्हणजे हेल्मेट आलं. दर गुरुवारी गाण्याचा क्लास असतो. आणि गणपतीत दहा दिवस राजापूरजवळ गावी, जिथे पाऊस आला की वीज जाते आणि कधी येईल ते गणपतीलाच ठाऊक.

दोन दुकानं फिरले. एकाने कानाच्या आत पूर्ण जाणारं दाखवलं, "मॅडम, कोणाला कळणारही नाही". पण ते सेलवालं. दुसऱ्याने कानामागचं बारीक, चार्जिंगचं दाखवलं. जोडीला एक १ लाख ४० हजार, दुसरं २ लाख ८० हजार. दिसायला दोन्ही सारखीच. फरक विचारला तर म्हणाला, "यात चॅनेल जास्त आहेत." मला वाटलं केबलवाल्याशीच बोलतेय.

वापरणाऱ्यांनी सांगा, चार्जिंगचं घ्यावं की सेलचं? आतलं की बाहेरचं? आणि दिसण्यासाठी ऐकण्यात किती सोडावं लागतं?

वाशीचा बंड्या

ताई, मी ४६, चार वर्षं चार्जिंगवालं वापरतोय. डोळे झाकून चार्जिंगचं घ्या. रात्री चष्मा काढला की मशीन डबीत, सकाळी आंघोळ झाली की कानात. तीन-चार तासांत पूर्ण चार्ज होतं आणि माझा सकाळी सात ते रात्री अकरा दिवस निघतो. दिवसभर फोनवर गाणी किंवा मीटिंग लावली तर लवकर उतरतं, हे लक्षात ठेवा.

एक धडा माझ्याकडून फुकट घ्या. डबीत ठेवल्यावर दिवा लागला का ते बघूनच झोपायचं. एकदा एक मशीन नीट बसलं नव्हतं, सकाळी उजवा कान मेलेला आणि दहा वाजता साहेबांसमोर प्रेझेंटेशन. मी सगळी मीटिंग डावीकडे मान वळवून बसलो होतो. साहेबांना वाटलं रुसलोय. घामाचा, तेलाचा थर बसला तरी चार्ज होत नाही, म्हणून ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायचं.

रंग माझा काळा आहे. लोक विचारतात, "कुठला इअरफोन रे?"

श्रुतिपेटी

कानोसाताई, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कुठल्याही कंपनीची विक्री करत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी तुमचे आकडे. खालच्या पट्टीतलं तुम्हाला छान ऐकू येतंय, वरच्या पट्टीतलं गेलंय. स्वर खालच्या पट्टीत असतात, व्यंजनांची धार वरच्या. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. 'सात' आणि 'साठ'मधला फरक नेमका त्या धारेत आहे. तेव्हा नवऱ्यांना सांगा, त्यांचं "ऐकू येतं" हेही खरं आणि तुमचं "कळत नाही" हेही खरं.

अशा कानाला पूर्ण आत जाणारं मशीन मी शेवटी सुचवेन. ते कान बुजवतं, आणि खालच्या पट्टीचं ऐकणं शाबूत असलं की स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. वर ते कानातल्या मळात आणि घामात बसलेलं असतं, आणि त्यातला १० नंबरचा, पिवळ्या पट्टीचा सेल जेमतेम काही दिवस पुरतो. तुम्हाला शोभेल ते आरआयसी प्रकारचं. मशीन कानामागे, तिथून केसासारखी बारीक वायर, आणि स्पीकर कानाच्या नळीत, वर छिद्रं असलेली मऊ रबरी टोपी. तिला ओपन डोम म्हणतात. कान मोकळा राहतो, मशीन फक्त उणीव भरून काढतं.

म्हणजे दिसणं आणि ऐकणं यात तुमच्या बाबतीत भांडण नाही. सगळ्यांचं असं नशीब नसतं. ८०-९० डेसिबलवाल्यांना मोठं मशीन आणि कानाच्या मापाचा साचाच लागतो.

निव्वळ देखणेपणावर बेतलेली मशीनंही आहेत. सिग्नियाने २०१८ मध्ये स्टायलेटो आणलं ते काडीसारखं सरळ आणि सडपातळ होतं, दोन रंगांच्या जोड्यांत, त्यातली एक पांढरी आणि गुलाबी सोनेरी. त्याच कंपनीचं ॲक्टिव्ह तर थेट इअरबडसारखं दिसतं. फोनाक, ओटिकॉन, वायडेक्स, रीसाउंड, स्टार्की या सगळ्यांकडे चार्जिंगची आरआयसी आहेत, रंग करडा, चंदेरी, काळा वगैरे. मात्र चष्मा असल्यामुळे दुकानात चष्मा लावूनच घालून बघा. कानामागे दोघांना एकाच खाचेत जागा हवी असते. सरळ काडीचं मशीन काहींच्या चष्म्याच्या दांडीशी छान जुळतं, काहींचं रोज टोचतं.

चॅनेल म्हणजे मशीन आवाजाचे किती पट्टे पाडून प्रत्येक वेगळा कमीजास्त करतं ते, पण त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका. एकाच मॉडेलच्या पायऱ्या असतात. फोनाकमध्ये ३०, ५०, ७०, ९०. सिग्नियात ३, ५, ७. कवच तेच, म्हणूनच तुम्हाला दोन्ही सारखी दिसली. पैसे मुख्यतः गोंगाटात बोलणं वेगळं काढण्याचे असतात. शांत घरात खालची आणि वरची पायरी ओळखताही येणार नाही. पतपेढीचा काउंटर म्हणजे मधली पायरी तरी बघाच, पण सर्वांत वरची कानात घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका.

आणि मशीनपेक्षा ते जुळवणारी व्यक्ती महत्त्वाची. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे ऑडिओलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेची नोंदणी आहे का विचारा. बारीक नळी कानात घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी प्रत्यक्ष मोजणारी सोय आहे का विचारा. "मॅडम, आता कसं वाटतंय?" एवढ्यावर जुळवणी उरकणाऱ्यांपासून जरा लांब राहा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची केंद्र सरकारची. दुकानाबाहेरचं दुसरं मत हवं असेल तर तिथे तपासणी करून घ्या.

वाचणाऱ्या इतरांसाठी: एकाच कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येणं कमी झालं तर मशीनच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात.

पन्हळीचं पाणी

गावच्या विजेचा प्रश्न आम्ही देवगडात सोडवलाय. चार्जर दोन तऱ्हेचे मिळतात. एक नुसता ठेवायचा, वायर लावलेली असली तरच चालतो. दुसऱ्या डबीत स्वतःची बॅटरी असते, ती डबी भरून नेली की वीज नसताना दोन-तीन दिवस काढता येतात. दुसरा मागा, थोडा महाग पडेल. पहिलाच मिळाला तरी पॉवर बँकवर चालतो का ते दुकानातच लावून बघा.

पण कोकणात विजेपेक्षा दमट हवा वाईट. वडिलांचं सेलवालं मशीन दर पावसाळ्यात दुरुस्तीला. चार्जिंगच्या मशीनला सेलचं झाकणच नसतं, पाणी शिरायची एक वाट कमी. तरी दुसऱ्या रात्री-तिसऱ्या रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. आयपी ६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊ नका म्हणजे झालं.

सदाशिवराव

मी ७४. सगळे चार्जिंगचे गोडवे गाताहेत म्हणून दुसरी बाजू. माझं ३१२ नंबरचं, तपकिरी पट्टीचं सेलवालं. आठवड्याला जोडी बदलतो, पाकीट खिशात असतं, प्रवासात चिंता नाही. चार्जिंगची आतली बॅटरी चार-पाच वर्षांत थकते, आणि बऱ्याच मशीनांत ती आपल्याला बदलता येत नाही, कंपनीकडे पाठवावी लागते. तेवढे दिवस काय करायचं? वॉरंटीनंतर बॅटरीचा खर्च किती आणि बदली मशीन देणार का, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही.

आणखी एक. काही साखळी दुकानांची मशीनं कुलूपबंद असतात, त्यांच्याच शाखेत जुळवता येतात. माझ्या मुलीचं मशीन तसलंच. ती बदली होऊन नांदेडला गेली, तिथे त्यांची शाखाच नव्हती. जुळवणीसाठी बिचारी दोनदा पुण्याला आली.

श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात दिसला तर विचारा.

कानोसा

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! माठाचं वाचून हसले, कारण त्या दुकानात मला अगदी तसंच झालं होतं आणि दुकानदार म्हणाला होता, "होते सवय".

आतलं रद्द. चार्जिंगचं नक्की. हेल्मेट आणि तानपुरा राहिले.

पेटीवाला

तानपुऱ्यासाठी धावत आलो. मी साथ करतो, तीन वर्षं मशीन आहे. पहिल्या बैठकीत तानपुरा हिंदकळत होता, मला वाटलं गवयाने नवा घेतला. झालं असं, की मशीनचाच बाहेर गळलेला आवाज पुन्हा त्याच्या माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती दाबायला मशीन सतत लक्ष ठेवून असतं, आणि एकसारखा लांब सूर आला की त्यालाच शिट्टी समजून बसतं. तानपुरा, बासरी, पेटीचा धरलेला सूर, सगळ्यांची तीच गत. यावर वेगळा संगीताचा प्रोग्रॅम असतो, त्यात ते दाबणं आणि गोंगाट काढणं बंद किंवा कमी करतात. जुळवणीला जाताना फोनवरचा तानपुरा नका नेऊ, खरा न्या. जमत नसेल तर निदान तुमच्या क्लासमध्ये एक गुरुवार काढून मगच पैसे द्या.

वाशीचा बंड्या

हेल्मेट: मशीन घालूनच घालता येतं, पण पुढून मागे सरकवू नका, दोन्ही पट्टे बाहेर ताणून सरळ खाली उतरवा. आत थोडी शिट्टी वाजेल. काढताना मात्र पहिलं काम कानामागे हात. मास्कच्या दोरीने माझं एक मशीन कुर्ला स्टेशनवर उडालं होतं. रुळांवर नाही, बाकड्याखाली सापडलं, हे आईवडिलांचं पुण्य.

आणि तुमचा स्वतःचा फोन जोडून बघा. दुकानदाराच्या आयफोनवर सगळं चालतं. माझ्या जुन्या अँड्रॉइडवर कॉल थेट कानात येतच नव्हते.

कानोसा

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

एक आठवडा ट्रायल घेतली, अनामत ठेवून. मधल्या पायरीचं, कानामागचं, ओपन डोम. आधी काळ्यावर जीव गेला होता, पण चष्म्याची फ्रेम तांब्याच्या रंगाची आहे, म्हणून शेवटी गुलाबी सोनेरी घेतलं. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून बघितलं, पाऊण तास. फ्रेमपेक्षा लवकर आटपलं.

पहिले चार दिवस वैताग होता. कागदाचा एवढा आवाज होतो? स्वतःच्या बांगड्या काढून ठेवल्या. फ्रिज गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं, घरातल्यांना विचारलं तर म्हणाले, आठ वर्षं गुणगुणतोय. आता कागद मागे सरकलाय, फ्रिज नाही. पतपेढीत काचेपलीकडच्या माणसाचं कळतं, फक्त दोघं-तिघं एकदम बोलले की अजून गडबडते. तानपुरा खरोखरच हिंदकळला. पेटीवाल्यांचा प्रतिसाद ऑडिओलॉजिस्टला वाचून दाखवला, त्यांनी प्रोग्रॅम करून दिला, आता नव्वद टक्के ठीक आहे. वरच्या षड्जाला अजून जरा काच लागल्यासारखं होतं, पुढच्या जुळवणीला सांगणार आहे. बॅटरीचा खर्च आणि बदली मशीन दोन्ही बिलावर लिहून घेतलं, सदाशिवराव.

ऑफिसात एकीने विचारलं, "नवीन ब्लूटूथ का गं?" मी म्हटलं, "नाही, कानाचं मशीन." ती म्हणाली, "बघू," आणि काढून हातात घेऊन बघितलं. मग हळूच विचारलं, तपासणी कुठे केलीस.

एकच शंका राहिली. चार्जरचा हिरवा दिवा रात्रभर डोळ्यांवर येतो आणि नवऱ्याला झोप लागत नाही. दुसऱ्या खोलीत ठेवला तर सकाळी घालायचं विसरते. दिव्यावर चिकटपट्टी लावली तर चार्जिंग होतंय की नाही ते कळणार नाही. कोणी काही युक्ती केली आहे का?