बाबांवर (गवंडी होते, सिंधुदुर्ग) वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक काढायचंय, काय लिहावं?

कुडाळची थोरली:
नमस्कार मंडळी. माझे बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. जन्मभर गवंडीकाम, आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःची माणसं घेऊन. आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी चिरेबंदी घरं, शाळेच्या खोल्या, विहिरींचे कठडे, एका देवळाचा सभामंडप, सगळं त्यांच्या हातचं. वर्षश्राद्धाला घरच्यांना आणि त्यांच्या कामगारांना द्यायला एक पुस्तिका काढावी असं आम्हा बहिणींच्या मनात आहे. पण लिहायला बसलं की कष्टाळू, प्रेमळ, देवमाणूस एवढंच कागदावर उतरतं, ते तर प्रत्येक निधनवार्तेत असतं, त्यात आमचे बाबा कुठेच दिसत नाहीत. बोलायचे कमी. पत्रं नाहीत, डायरी नाही, फोटो म्हणजे लग्नातले आणि आधारकार्डावरचा. आईवर फार जीव होता त्यांचा पण तोंडाने कधी म्हणाले नाहीत, मग ते लिहायचं कसं? कोणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज.

औशाचा पोरगा:
ताई, मी आमच्या आबांवर लिहिलंय, तेही गवंडीच, लातूर जिल्ह्यातले. मी त्यांच्या कामापासून सुरुवात केली आणि बाकीचं आपोआप येत गेलं. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आधीची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं, पहाटे लोक झोपेत असताना तेच अंगावर आलं. त्यानंतर आबा भिंत बांधायचं पुन्हा नव्याने शिकले, ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा म्हणजे आतली-बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहते, आणि भिंतीवरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. पन्नाशीच्या आसपासचा माणूस तरण्या इंजिनिअरसमोर बसून हे शिकला. आबा कसे होते हे मला या एका गोष्टीतून सांगता आलं. तुमच्या बाबांच्या हयातीत बांधकाम किती बदललं असेल बघा, मातीत बसवलेले चिरे (जांभ्या दगडाचे तासलेले ठोकळे), मग सिमेंट, मग स्लॅब, मधेच कोकण रेल्वेचं काम. ते या सगळ्यातून कसे गेले, काय पटकन घेतलं आणि कशाला नाही म्हणाले, हे विचारा त्यांच्या जुन्या माणसांना. आणि लवकर विचारा, तीही आता थकली असतील.

साईटवरचा:
वरच्याशी सहमत. मी सिव्हिलवाला, रत्नागिरीकडे काम करतो, अशा गवंड्यांकडून कॉलेजपेक्षा जास्त शिकलोय म्हणून मुद्दाम लिहितो. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, त्यामुळे तासायचं काम वेळेत व्हावं लागतं, आणि सगळे चिरे सारखे नसतात, जास्त भोकांचा चिरा पाणी पितो. चांगला गवंडी चिरा हातात घेऊन, उलटापालटा करून ठरवतो की हा पावसाच्या अंगाला लावायचा की आतल्या भिंतीला. कोपरा आधी उभा करायचा, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला) सोडायचा, मग दोरी ताणून मधले थर, आणि सांधमोड झालीच पाहिजे म्हणजे उभा सांधा वरच्या थरात त्याच रेषेत येता कामा नये. हे सगळं तुमच्या बाबांच्या भिंतीवर आजही दिसतं. एकेका घराचा फोटो काढा, खाली वर्ष आणि घरमालकाची दोन वाक्यं, हाच एक भाग होईल पुस्तकाचा. त्यांची थापी, गुण्या (काटकोन बघायचं साधन), ओळंबा कोणाकडे आहे? त्याचेही फोटो घ्या.

मालवणची माई:
बाळा, आईबद्दल विचारलंस म्हणून सांगते. आईला "बाबा तुझ्यावर प्रेम करायचे का" असं विचारू नको, ती लाजेल नाहीतर रडेल. तिला विचार घरातली कुठली वस्तू तुझ्यासाठी केली. आमच्या ह्यांनी न्हाणीघर परसात न ठेवता मागल्या दाराला लागून घेतलं कारण मला पावसात रात्रीचं जायची भीती वाटायची, एवढंच, पण चाळीस वर्षं मी रोज त्या दारातून जातेय. बांधणाऱ्या माणसाचं बोलणं असंच असतं गो.

कुडाळची थोरली:
माई, तुमचं वाचून मी लगेच आईजवळ बसले. तिने विचार न करताच सांगितलं, स्वयंपाकाचा ओटा. आई उंचीने लहान, तर बाबांनी तिला लाटायला उभी केली, कोपरापासून माप घेतलं आणि त्या मापाचा ओटा केला, लोक हसले की एवढा ठेंगणा ओटा कोण करतं. आम्ही बहिणी उंच झालो, आमची त्या ओट्यावर पाठ दुखते म्हणून उंच करूया म्हटलं तर बाबा नाही म्हणायचे, तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. नंतर तिचे गुडघे गेले तेव्हा मागच्या दाराच्या पायऱ्या फोडून अर्ध्या उंचीच्या केल्या आणि भिंतीत लोखंडी कडी बसवली धरायला, तेही ती माहेरी गेलेली असताना, न सांगता.

आणि औशाचे दादा, बाबांच्या एका जुन्या कामगाराला फोन केला. ते म्हणाले स्लॅब पडला की तुझा बापूस सणासुदीलाही पाणी मारायला जायचा, घरमालक विसरेल म्हणून, आणि आम्हाला म्हणायचा "पयला पाणी मार, मगे जेव". हे आम्हा पोरींनाही ऐकवायचे, अभ्यासाच्या बाबतीत! आम्हाला वाटायचं बाबांना दुसरं बोलताच येत नाही.

साईटवरचा:
बरोबरच होतं त्यांचं. सिमेंट ओलं राहिलं तरच ताकद धरतं, काँक्रीटचा ठोकळा तपासतात तोसुद्धा २८ दिवसांनी, आणि पहिल्या आठवड्यात पाणी चुकलं तर ते नंतर भरून निघत नाही. हा फोनवरचा माणूस सोडू नका, समोर बसवून रेकॉर्ड करा, जमलं तर बाबांनी बांधलेल्या एखाद्या घरी घेऊन जा, भिंतीसमोर उभा राहिला की त्याला आणखी आठवेल.

औशाचा पोरगा:
आणि ताई, एक छापखान्याचं सांगतो, अक्षर मोठं ठेवा. आमच्या आबांच्या साथीदारांना बारीक टाइप वाचता येईना, नातवंडांकडून वाचून घ्यावं लागलं. कामगारांची नावंही घाला, सगळ्यांची, एकही राहू देऊ नका.