कस्तुरबांच्या वेशाविषयी माहिती हवी आहे

प्रश्न :
माझी मुलगी सहावीत असून येत्या २२ फेब्रुवारीला, कस्तुरबांच्या पुण्यतिथीला, शाळेत ती कस्तुरबा होणार आहे. ‘पांढरी साडी नेसवा’ एवढीच सूचना आली आहे. परंतु त्यांच्या छायाचित्रांत साडीला काठ दिसतो, पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला असतो आणि हातांत बांगड्या असतात. त्यांचा वेश आयुष्यभर असाच होता का? मुलीला नेमके काय नेसवावे?

उत्तर १ :
नव्हता. १८९६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेला निघताना गांधीजींनी त्यांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली, कारण त्या काळी पारशी समाज सर्वांत सुधारलेला मानला जाई. पायांत बूट आणि मोजेही आले. बूट चावत, मोज्यांना घामाचा वास येई आणि बोटे हुळहुळी होत, असे गांधीजींनीच आत्मकथेत लिहिले आहे. पुढे १९०१ मध्ये भारतात परतताना लोकांनी दिलेल्या भेटींत खास कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी तो परत करायचे ठरवले, तेव्हा कस्तुरबांनी कडाडून विरोध केला. तुमच्या सेवेत माझेही राबणे आहे, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. दागिने अखेर सार्वजनिक कामासाठी विश्वस्त निधीत गेले. त्यांना निमूटपणे मागे चालणारी पत्नी म्हणून उभे करणे अन्यायाचे होईल, म्हणून हा प्रसंग मुलीला अवश्य सांगा.

उत्तर २ :
१९१७ च्या, बिहारमधील चंपारण सत्याग्रहाच्या वेळचा प्रसंगही सांगावा. तिथल्या भितिहरवा गावाच्या परिसरातील बायकांचे कपडे फार मळलेले असत. त्या ते धूत का नाहीत, हे विचारायला कस्तुरबा गेल्या, तेव्हा एकीने त्यांना झोपडीत नेऊन दाखवले की घरात पेटी नाही, कपाट नाही आणि अंगावरच्या साडीखेरीज दुसरी साडी नाही. मग धुवायची कोणती?

उत्तर ३ :
पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या इंग्रज सरकारच्या स्थानबद्धतेतच, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांनी अखेरसाठी जपून ठेवली होती आणि तीच नेसवून त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या काचेच्या बांगड्या चितेतही अखंड राहिल्याची आठवण सांगितली जाते. तेव्हा पांढरी, लाल काठाची सुती साडी घ्यावी, पदर डोक्यावरून असावा. सहावीतल्या मुलीला पूर्ण साडी लांब होईल, म्हणून कमरेशी आतून दुमडून टाके घालावेत.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. माझ्या आईची लाल काठाची खादी माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाली आहे. काचेच्या बांगड्या आज तुळशीबागेतून आणते, आणि हाराचा प्रसंग मुलीच्या भाषणात घालावा म्हणून बाईंशी उद्याच बोलते.