मदत हवी आहे: यवतमाळचं शकुंतलेचं स्टेशन

नमस्कार मंडळी, दिवाळीत आईला घेऊन यवतमाळला जातोय. तिला शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या रेल्वेगाडीचं, स्टेशन पुन्हा बघायचंय. लग्नानंतर मूर्तिजापूरहून ती याच गाडीने आली होती, धूर खात. ते वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरमध्ये बनलेलं. इकडचा कापूसही तिकडच्याच गिरण्यांसाठी जायचा, म्हणजे हिशेब चोख! १९९४ ला डिझेल आलं, आता तर गाडीच बंद.

जुन्या इमारतीचा सध्या काय वापर होतो? फलाटापर्यंत जाऊ देतात का, की कुणाची परवानगी लागते? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा ऑटो किती जवळ जातो तेही सांगा. आणि कुणाकडे जुनं पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर फोटो टाका ना.